मुक्या खांबांचा हिशेब

लोकरीचा आइस्क्रीम-कोन आता बहुतेक वाचकांच्या पाहण्यात आला असेल. खाली बिस्किटी रंगाचा शंकू, वर गुलाबी किंवा पिस्ता रंगाचा गोळा, गोळ्याच्या कडेने वितळून ओघळल्यासारखी झालर, डोक्यावर लाल चेरी. मध्ये दोन काळे मणी आणि त्यांच्यामधोमध काळ्या दोऱ्याची इवलीशी हसरी रेघ. आत कृत्रिम कापूस ठासून भरलेला. दिवाळीतल्या प्रदर्शनांत, रुखवताच्या टेबलावर, कॉलेजातल्या मुलींच्या पिशव्यांना, मोटारीतल्या आरशाला तो लटकत असतो. क्रोशाच्या सुईने विणलेल्या अशा भरीव बाहुल्यांना जपानी भाषेत ‘अमिगुरुमी’ म्हणतात. ‘आमि’ म्हणजे विणणे आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे कापड शिवून आत काही भरलेले खेळणे; दोन्ही मिळून हा शब्द झाला आहे.

संशोधनाच्या विभागात या खेळण्याचे काय काम, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे, की हा कोन जगात कुठेही, कितीही स्वस्त विकला जात असला तरी तो कुणीतरी हाताने विणलेला असतो. त्याला दुसरा मार्गच नाही. कापड विणणाऱ्या बाकी जवळजवळ सगळ्या कृती यंत्राने केव्हाच उचलल्या. दोन सुयांच्या विणकामाची नक्कल करणारे मोज्यांचे यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्येच बनवले. जाळीदार लेसचे यंत्र जॉन हीथकोटने १८०८-०९ मध्ये उभे केले. क्रोशाचे यंत्र मात्र अजून बाजारात आलेले नाही. प्रयोगशाळांत धडपड चालू आहे. आणि ‘क्रोशे मशीन’ या नावाने कारखान्यांत जी यंत्रे चालतात ती प्रत्यक्षात वेगळ्या विणीचे, क्रोशासारखे दिसणारे कापड काढतात.

याचे कारण विणीतच आहे. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर रांगेने उभे असतात. यंत्राला प्रत्येक टाक्यासाठी एकेक आकडा देता येतो. क्रोशात सुईवर एकच फास जिवंत असतो. पुढचा टाका घालायचा तर आधी विणलेल्या कापडात नेमके कुठे शिरायचे हे सुईला शोधावे लागते, आणि डाव्या हाताची बोटे ते कापड दर क्षणी थोडे वळवून, ताणून तिच्यासमोर धरत असतात. आइस्क्रीमच्या गोळ्यासारखी गोल वस्तू असली तर हे वळवणे आणखी नाजूक होते. बोटांचे हे शोधणे लोखंडाला अजून जमलेले नाही.

तेव्हा ज्या कामाला माणसाच्या हाताशिवाय पर्याय नाही, त्याचा दर चढा असायला हवा. तो तसा का नाही, हे मला या खेळण्याच्या निमित्ताने शोधायचे होते. कोणत्याही विद्यापीठात मी हे शिकलेले नाही. मावशीकडून आलेली सुई, ग्रंथालये आणि बरीच वर्षे, एवढेच माझे साधन.

क्रोशा प्राचीन आहे असे आपल्याला उगाच वाटते. आजीच्या ट्रंकेतून निघालेली वस्तू हजार वर्षांची वाटू लागतेच. प्रत्यक्षात आज आपण ज्याला क्रोशा म्हणतो त्याचा पक्का पुरावा १८०० च्या आसपासच मिळू लागतो. क्रोशाचे छापील नमुने ‘पेनेलोपे’ या डच मासिकात १८२३ मध्ये दिसतात, आणि ते कशाचे, तर रेशमी दोऱ्याच्या बटव्यांचे. स्कॉटलंडच्या एलिझाबेथ ग्रँट या बाईंनी आपल्या आठवणींत १८१२ च्या सुमाराच्या ‘धनगरी विणकामा’चा उल्लेख केला आहे, तेही आकड्याच्या सुईचेच काम.

त्याआधी काय होते? इथे आपला कच्छ येतो. मोची समाजाचे कारागीर चामडे शिवण्याच्या आरीला बारीक आकडा देऊन तिने कापडावर साखळीटाक्याची नक्षी भरत. गुजरातचे असे भरतकाम सतराव्या शतकात इंग्लंडपर्यंत विकले जात होते. अठराव्या शतकात हीच तऱ्हा युरोपात ‘तांबूर’ नावाने रुजली. तांबूर म्हणजे ढोल. ढोलासारख्या गोल चौकटीत कापड ताणून, वरून आकडा खुपसून खालचा दोरा ओढून घ्यायचा. फ्रान्समध्ये कुणीतरी एकदा खालचे कापडच काढून टाकले आणि साखळी नुसत्या हवेत विणली, असे काही अभ्यासक मानतात. डॅनिश संशोधक लिस पालुदान यांनी अरबस्तान, दक्षिण अमेरिका आणि चीन अशा तीन उगमांच्या कल्पना तपासल्या. निर्विवाद पुरावा त्यांना एकीलाही मिळाला नाही. आरी हीच क्रोशाची आई असे ठासून सांगणारे लेख आपल्याकडे येतात. मला ते अभिमानाचे लिखाण वाटते. नाते मात्र आहे, आणि ते हातांना कळते. ब्लाउजवर आरी वर्क करणारी मुलगी क्रोशाची साखळी पाच मिनिटांत उचलते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

नात्याइतकाच महत्त्वाचा फरक आहे तो आरी कुणाच्या हातात होती याचा. मोची कारागीर पुरुष होते, दरबारचे काम करत, आणि त्यांच्या कामाला धंदा म्हणत. तोच आकडा युरोपात दिवाणखान्यातल्या बायकांच्या हाती गेला तेव्हा त्याला ‘विरंगुळा’ म्हणू लागले. साधन तेच राहिले, शब्द बदलला. आणि मला वाटते, दर तिथेच पडला.

विरंगुळ्याचे पोटापाण्याचे काम व्हायला एक दुष्काळ पुरेसा झाला. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. कॉर्कच्या आसपास जोगिणींच्या मठांतून मुलींना क्रोशा शिकवला जाऊ लागला. उत्तरेकडे मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी १८४७ मध्ये कासांद्रा हँड या धर्मगुरूच्या पत्नीने हे काम सुरू केले. व्हेनिसची सुईने केलेली लेस फार महाग, तिला महिनोन्‌महिने लागत. क्रोशाने तशीच दिसणारी लेस त्याहून कितीतरी लवकर होई. भांडवल म्हणजे एक आकडा आणि सुती दोरा. आकडा नसला तर लाकडी मुठीत तार बसवूनही काम चाले.

या आयरिश लेसची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ती सलग विणत नसत. एक बाई फक्त गुलाब विणी, दुसरी पाने, तिसरी त्रिदळ. आणि हे सुटे तुकडे जाळीने सांधण्याचे काम आणखी कुणी करी. कित्येक घरांचे स्वतःचे नमुने असत आणि ते शेजारणीलाही दाखवत नसत, कारण तोच त्यांचा पोटाचा आधार. पण तयार कॉलर लंडनच्या दुकानात पोचली की गुलाब कुणाचा आणि पान कुणाचे हे कोण विचारणार?

व्हिक्टोरिया राणीही क्रोशा करी. १९०० मध्ये, ऐंशी उलटल्यावर, तिने बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी खाकी लोकरीचे आठ पट्टे स्वतः विणले. ते आठही कुणाकुणाला मिळाले याच्या नोंदी आहेत, पट्ट्यांवर राणीची अक्षरे आहेत, आणि त्यांतले काही संग्रहालयांत जपलेले आहेत. क्लोन्सच्या बायकांच्या लेसही संग्रहालयांत आहेत. त्यांच्याखालच्या पाट्यांवर सहसा गावाचे नाव असते.

मिशनऱ्यांबरोबर हेच काम हिंदुस्थानात आले. गोदावरी समुद्राला मिळते त्या भागातले आंध्रमधले नरसापूर हे त्याचे सर्वांत मोठे ठाणे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्कॉटिश मिशनरी जोडप्याने तिथल्या गरीब ख्रिस्ती बायकांना लेस शिकवली; पुढे इतर जातींच्या, विशेषतः घराबाहेर न पडणाऱ्या बायकांनीही ती उचलली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांवर लिहिलेले पुस्तक १९८२ मध्ये निघाले. या विषयावर एकच पुस्तक वाचायचे असेल तर ते वाचावे. क्लोन्सप्रमाणेच इथेही काम तोडून दिलेले होते: एक फुले विणते, दुसरी ती सांधते. माल परदेशी जात होता, व्यापाऱ्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या. आणि विणणाऱ्या लाखभर बायका? त्या ‘गृहिणी’. घरकाम उरकून दिवसाचे सहा-आठ तास विणत असूनही त्यांना कामगार म्हणायला कुणी तयार नव्हते. व्यापारी म्हणत, बायका फावल्या वेळात करतात. मीस यांनी दाखवून दिले, की मजुरी इतकी कमी ठेवता येते ती याच एका कल्पनेच्या जोरावर. फावल्या वेळाला मजुरी कशाची?

आपल्या मराठी घरांत हा शब्द आणखी गोड होऊन बसला: हौस. रुखवतातले तोरण, टीव्हीवरचा रुमाल, तांब्यावरची जाळी, नातवाचे टोपडे, सगळे हौसेचे. माझी मावशी दुपारी चहाच्या वेळेपर्यंत विणत बसे. गल्लीतल्या निम्म्या बाळांची टोपडी तिच्या हातची. तिला त्याबद्दल नारळ आणि खण मिळे, आणि ती तेही संकोचाने घेई. मात्र याच बायकांनी या कामाची भाषा मराठीत घडवली, ही गोष्ट कुणी नोंदवत नाही. साखळी, अर्धा खांब, खांब, आणि सगळ्यांत आखूड टाक्याला मुका खांब. इंग्रजीत हा टाका ब्रिटनमध्ये ‘डबल’ आणि अमेरिकेत ‘सिंगल’, त्यामुळे नमुना कुठल्या देशाचा हे आधी पाहावे लागते. आमच्या मुक्या खांबाला ही अडचण नाही. लोकरीचे आइस्क्रीम जवळजवळ सगळे या मुक्या खांबांचेच असते, कारण त्याची वीण इतकी घट्ट की आतला कापूस बाहेर डोकावत नाही.

पण टोपडे आणि तोरण सोडून कुणाला आइस्क्रीम विणावेसे का वाटले? त्यासाठी जपानकडे पाहावे लागते.

जपानला विणकाम पोर्तुगीज, स्पॅनिश आणि डच जहाजांनी नेले. विणलेल्या कापडाला तिथे अजून ‘मेरियासु’ म्हणतात; तो मोज्यांच्या पोर्तुगीज-स्पॅनिश नावाचा अपभ्रंश. एकोणिसाव्या शतकात पगार न पुरणारे सामुराई घरी बसून मोजे आणि हातमोजे विणून विकत. तलवारीच्या हातांनी विणलेले मोजे! या कामाला तिथे तेव्हा कुणी हौस म्हटले नसावे. पुढे जपान्यांनी एक मोठे काम केले: विणकामाची चिन्हे प्रमाणित केली. साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला फुली, खांबाला आडवी रेघ दिलेला उभा दांडा. अशा नकाशाला भाषा लागत नाही. जपानी अक्षरही न ओळखणारी साताऱ्याची बाई जपानी पुस्तकातला कोन विणू शकते, ती या चिन्हांमुळे. २००० नंतर अमिगुरुमी जगभर इतक्या झपाट्याने पसरली त्यात इंटरनेटइतकाच या चिन्हांचा वाटा आहे असे माझे मत आहे.

चेहऱ्याचा उगमही तिथलाच. १९७० च्या दशकात जपानी शाळकरी मुली अक्षरे मुद्दाम गोलगोल काढू लागल्या, मध्ये चित्रे घालू लागल्या. काही शाळांनी त्यावर बंदीही घातली. गोंडस, लहानगे, जरा असहाय असे जे काही ते ‘कावाई’ म्हणून मिरवू लागले. १९७४ मध्ये ‘हॅलो किटी’ ही मांजर जन्मली. तिचे चित्र घेऊन बाजारात आलेली पहिली वस्तू होती चिल्लर ठेवायचा छोटा बटवा. क्रोशाचे पहिले छापील नमुने बटव्यांचे होते, हे इथे आठवून मला गंमत वाटली. योगायोगच तो, पण छान आहे.

आणि खाऊ? जपानी उपाहारगृहांच्या काचेमागे पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात, आधी मेणाच्या, आता प्लास्टिकच्या. इवासाकी ताकिझो यांनी १९३२ मध्ये ओसाकात त्यांचा धंदा सुरू केला. आइस्क्रीम तिथे १८६९ पासून, योकोहामाच्या एका दुकानातून विकले जात होते. यंत्रातून वळसे घेत कोनात पडणारे मऊ आइस्क्रीम १९५१ मध्ये तोक्योतल्या एका अमेरिकी लष्करी जत्रेत लोकांनी पहिल्यांदा चाखले. दुकानापुढे माणसाच्या कमरेएवढा प्लास्टिकचा कोन उभा करायची पद्धत पुढे गावोगाव पसरली. न वितळणारे, न खायचे आइस्क्रीम बघत तीन पिढ्या मोठ्या झाल्या. त्यातल्या कुणीतरी ते लोकरीत उतरवले आणि त्याला डोळे लावले, यात नवल नाही.

कोनाची जन्मकथा स्वतंत्र लेखाची आहे, इथे थोडक्यात. लंडनच्या अ‍ॅग्नेस मार्शल यांनी १८८८ च्या पाकपुस्तकात शंकूच्या आकाराच्या खाता येण्याजोग्या पुड्या दिल्या. न्यूयॉर्कच्या इतालो मार्किओनी यांनी १९०३ मध्ये अशा वाट्यांच्या साच्याचे पेटंट घेतले. १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेने कोन घरोघर पोचवला, आणि तो आपणच शोधला असे म्हणणारे विक्रेते तिथून अर्धा डझन तरी निघाले. आपल्या कुल्फीचा साचाही शंकूचाच, त्यामुळे लोकरीची कुल्फी विणायला नवे काही शिकावे लागत नाही. वरचा गोळा वगळला आणि खाली काडी लावली की झाले.

शंकू विणणाऱ्यांचा आवडता का, याला गणिती कारण आहे. मुका खांब जितका रुंद जवळपास तितकाच उंच. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या सव्वासहा पटीहून किंचित जास्त. म्हणजे प्रत्येक फेरीला त्रिज्या एका खांबाने वाढली, की परीघ साधारण सहा खांबांनी वाढायला हवा. म्हणून मॅजिक रिंगमध्ये सहा मुके खांब घ्यायचे, पुढे १२, १८, २४: चकती सपाट राहते. सहापेक्षा कमी वाढवले की कडा आत ओढली जाते आणि शंकू होतो. दर दोन फेऱ्यांना तीनच वाढवले, म्हणजे सरासरी दीड, तर टोकाचा कोन सुमारे २९ अंशांचा येतो. तोच आइस्क्रीमचा कोन. सहाहून जास्त वाढवले तर कडेला लाटा उठतात, तीच गोळ्याभोवतीची वितळती झालर. या लाटांचे मोल मोठे आहे. गणितज्ञ ज्याला अतिपरवलयिक पृष्ठ म्हणतात त्याचे टिकाऊ, हाताळता येईल असे प्रारूप १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डाइना ताइमिन्या यांनी केले ते क्रोशाने. त्याआधी कागदाची प्रारूपे असत आणि ती फाटत. झालर विणणाऱ्या बायका हे पृष्ठ दीडशे वर्षे विणत होत्या.

आता हिशेब. मी एक मध्यम आकाराचा कोन विणला आणि खांब मोजले. शंकू सहापासून ३६ पर्यंत, तीनतीनने वाढणारा, प्रत्येक संख्या दोन फेऱ्या: ४६२. गोळा सहाच्या वाढीने ३६ पर्यंत आणि मग सहा फेऱ्या तशाच: ३४२. झालर आणि चेरी मिळून शंभराच्या आसपास. एकूण नऊशे. प्रत्येक मुक्या खांबाला दोरा दोनदा ओढावा लागतो, म्हणजे १,८०० वेळा. मिनिटाला १२ खांब या माझ्या गतीने सव्वा तास. भरणे, सांधणे, डोळे बसवणे, ओठ शिवणे धरून दोन तास.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका दिवाळी प्रदर्शनात पस्तिशीतल्या एका बाईंनी असेच कोन मांडले होते, दीडशे रुपयाला एक. वीण फार सुबक होती, झालर माझ्याहून चांगली. दर कसा काढला, असे विचारले.

“लोकर साठ, फायबर वीस, डोळे दहा. नव्वद झाले. वर साठ.”

“आणि वेळ?”

“वेळ काय काकू, रात्री टीव्ही बघता बघता होतं.”

एवढ्यात एक गिऱ्हाईक आले. कोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, हेच मशीनवरचे बाहेर शंभरला मिळते. मी मध्ये बोलले, की असे मशीनच नाही. शंभरला मिळतो तोही कुणाच्या तरी हातचाच आहे. त्यांना ते पटले नसावे. घासाघीस होऊन कोन १२० ला गेला. नव्वद वजा करता तीस रुपये, एका रुपयाला तीस खांब. मी तो हिशेब पावतीच्या मागे मांडून बाईंना दाखवला आणि निदान अडीचशे लावा म्हटले. त्यांनी तो लक्ष देऊन वाचला.

“पहिल्या दिवशी अडीचशेच लावले होते,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत एकही गेला नाही.”